लहान मुलांना गोड द्यावं की नाही? आई-बाबा आणि आजी-आजोबांचे नेहमीचे प्रश्न

इथले प्रश्न मुख्यतः सहा महिने ते सहा वर्षं या वयाच्या मुलांबद्दल आहेत. मुलाला मधुमेह, ॲलर्जी किंवा दुसरा काही आजार असेल, तर हे बाजूला ठेवा आणि तुमच्या बालरोगतज्ज्ञांचं ऐका.

थोडक्यात सांगा, द्यायचं की नाही?

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत वरून घातलेली साखर, गूळ, मध नको. त्यानंतर सणाचं, घरी केलेलं, ताटात वाढलेलं गोड खुशाल द्या. रोजची बिस्किटं, दुधातली चॉकलेटी पावडर आणि प्रवासात हातात दिलेला ज्यूसचा डबा यांच्यावर मात्र नजर ठेवा. बहुतेक घरांत नेमकं उलटं चाललेलं असतं. गणपतीत पोरानं दुसरा मोदक मागितला की चारजण ओरडतात, आणि रोज सकाळी दुधात बुडवून चार बिस्किटं जातात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

दोन वर्षं अजिबात नाही? हे जरा अतीच नाही का?

ऐकायला अती वाटतं खरं. पण या वयात पोट मूठभर आणि गरज भलीमोठी असते. सहा महिन्यांनंतर बाळाला लोह, जस्त, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ हे सगळं त्या चार-सहा चमच्यांत मिळायला हवं. तिथे साखरेनं जागा अडवली की भरपाई करायला दुसरी जागाच नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली वरच्या आहाराबद्दल सूचना काढल्या, त्यांत सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांना जास्त साखर-मिठाचे पदार्थ आणि गोड पेयं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे.

दुसरं कारण चवीचं. गोडाची ओढ शिकवावी लागत नाही. ती जन्मतःच असते आणि आईच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असल्यानं तिला खतपाणीही मिळतं. शिकवावी लागते ती दुधीची, मेथीची, मुगाच्या वरणाची चव. या दोन वर्षांत प्रत्येक घासात साखर असेल, तर बिनसाखरेचा घास मुलाला चुकल्यासारखा लागतो.

याच संदर्भात ब्रिटनची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धापासून तिथे साखर रेशनवर होती आणि सप्टेंबर १९५३ मध्ये ते बंधन उठलं. लोकांचं साखर खाणं थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झालं. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या लोकांची संशोधकांनी पुढे तुलना केली आणि २०२४ साली 'सायन्स' या नियतकालिकात ती छापून आली. गर्भात असताना आणि पहिल्या दोनेक वर्षांत रेशनची साखर वाट्याला आलेल्यांमध्ये पुढे टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला. हे मुद्दाम आखलेले प्रयोग नव्हेत, त्यामुळे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण रोख कुठे आहे ते कळतं.

ध्यानात घ्या, त्या मुलांना साखर पूर्ण बंद नव्हती. बेताची होती.

जन्मल्यावर मध चाटवायची आमच्याकडे पद्धत आहे. बोटभर मधानं काय होतंय?

बहुतेक वेळा काही होत नाही. पण होतं तेव्हा ते जिवावरचं असतं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते निमूट निघून जातात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडायला लागतं. आधी बद्धकोष्ठता, मग रडणं क्षीण होणं, मान न धरणं, दूध न ओढणं, आणि शेवटी श्वासापर्यंत. मध जंगलातला आहे, ओळखीच्या माणसाकडचा आहे, उकळलेला आहे, यानं काही फरक पडत नाही. घरी उकळून बीजाणू मरत नाहीत. म्हणून वर्ष पूर्ण होईपर्यंत मध नाही. गुटी उगाळायची तरी मधात नको, आणि चोखणी मधात बुडवून तर मुळीच नको.

साखरपाणी चाटवण्याचंही तेच. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. विधी राखायचा असेल तर सोन्याच्या अंगठीवर आईच्या दुधाचा थेंब घेऊन बाळाच्या ओठाला लावा. आजींना सहसा हे पटतं.

मग उष्टावणाची खीर?

द्या की. मामाच्या मांडीवर बसून चाटलेल्या चांदीच्या चमच्यानं कोणाचे दात किडत नाहीत. घरच्यांसाठी केलेल्या खिरीत साखर घालण्याआधी बाळापुरती वाटीभर बाजूला काढून ठेवली तर आणखी उत्तम. फोटोत फरक दिसत नाही.

साखर घातल्याशिवाय बाळ पेज, नाचणीसत्त्व तोंडात घेत नाही. काय करू?

घेत नाही की आपल्याला चालत नाही, हे आधी एकदा तपासा. बिनसाखरेची नाचणी चाखून मोठी माणसं तोंड वाकडं करतात आणि चमचाभर साखर टाकतात. बाळाकडे तुलनेला काही नसतं.

नवी चव आवडायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. पहिल्या दोन-तीन वेळा थुंकलं म्हणजे नावड ठरली असं नाही. तोवर नाचणीत कुस्करलेलं केळं घाला, शिजवलेलं सफरचंद घाला, किंवा मळलेली वाटच बदला: जिरं-तुपाची फोडणी, चिमूटभर हिंग, ताक. नाचणी गोडच खायची असते असं कुठेही लिहिलेलं नाही. सवय आधीच लागली असेल तर साखर दर तीन-चार दिवसांनी थोडी थोडी कमी करा. एका झटक्यात बंद केली की बाळ दोन दिवस ओरडतं, आणि तिसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी हळूच डबा उघडतं.

साखर नको, पण गूळ तर चांगला ना? खडीसाखर? खजूर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याच्या उत्तरावर सगळ्यात जास्त लोक रागावतात.

गुळात लोह आणि इतर खनिजं असतात, हे खरं. पण मूल खातं किती? चमचाभर. त्यातून मिळणारं लोह हिशेबात धरण्याइतकं नसतं. बाकी गूळ हा मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे जी साखर डब्यात आहे तीच, मळीसकट. कोल्हापूरचा असो, सेंद्रिय असो, काळा असो, दाताला तो साखरेसारखाच वागवतो, आणि चिकट असल्यानं जरा जास्तच वेळ रेंगाळतो. चवीसाठी गूळ वापरा, मला स्वतःला पुरणपोळी गुळाचीच आवडते. पण 'गुळाचं आहे, कितीही खा' हे म्हणू नका.

खडीसाखर ही साखरच आहे, मोठ्या स्फटिकाची. ब्राउन शुगर, 'देशी खांड', मध यांची रांगही तिच्यामागेच.

खजुराचं थोडं वेगळं आहे. अख्ख्या फळातली साखर तंतूंसोबत येते. बी काढून बारीक करून, दूध-नाचणीत शिजवून दिलेला एखादा खजूर चालतो. मात्र 'शुगर फ्री' म्हणून विकतात त्या खजुराच्या लाडवांत वजनाच्या निम्म्याहून जास्त साखरच असू शकते, ती फळातून आलेली इतकंच. शिवाय खजूर दाताला चिकटतो.

दोन वर्षांनंतर दिवसाला किती साखर चालेल?

जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे की वरून घातलेली साखर, अधिक मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर, या सगळ्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत. भारतीय हिशेबानं १ ते ३ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १०१० किलोकॅलरी लागतात, ४ ते ६ वर्षांच्या मुलाला १३६०. म्हणजे तीन वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे १२-१३ ग्रॅम, चहाचे सपाट तीन चमचे. पाच वर्षांच्या मुलासाठी १७ ग्रॅम, चार चमचे. १० टक्क्यांची मर्यादा याच्या दुप्पट, तिच्यापलीकडे मात्र जाऊ नये.

आता हे बघा. घरच्या बेसनलाडवात वजनाचा साधारण तिसरा हिस्सा पिठीसाखर असते. ४० ग्रॅमचा एक लाडू झाला की तीन वर्षांच्या मुलाचा दिवसाचा कोटा भरला. कोलाच्या २५० मिलीच्या बाटलीत २६ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे त्याचे दोन दिवस एका बाटलीत.

कोणी रोज तराजू घेऊन बसावं असं माझं म्हणणं नाही. आठवड्याचा अंदाज घ्या. रविवारी श्रीखंड झालं तर सोमवार-मंगळवार आपोआप कोरडे जातील, इतपत पुरे.

आम्ही तर गोड फारसं देतच नाही. तरी तुम्ही साखर जास्त म्हणता. येते कुठून?

स्वयंपाकघरातला एक फडताळाचा कप्पा रिकामा करा आणि पाकिटं उलटी करून वाचा. अर्धा तास जाईल, पण त्यातून जे कळतं ते कुठल्याही लेखातून कळणार नाही.

ग्लुकोज बिस्किटांमध्ये वजनाचा साधारण चौथा हिस्सा साखर असते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींपैकी बऱ्याच पावडरींत तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारखी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची व्याख्याच नाही. त्याच महिन्यात स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेनं दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये दर वेळच्या वाढपात अडीच-तीन ग्रॅम साखर घातलेली आहे, आणि ते बनवणारी नेसले हीच कंपनी युरोपात बाळांना बिनसाखरेचं विकते. देशभर ओरड झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नेसले इंडियानं रिफाइंड साखर न घातलेले प्रकार बाजारात आणत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे करता येत होतं.

घटकांच्या यादीत साखर वेगवेगळ्या वेशांत येते: ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज. माल्टोडेक्स्ट्रिनला नियमात साखर म्हणत नसले तरी शरीरात ते झटकन ग्लुकोजच होतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत यांपैकी एखादं दिसलं की पुढे वाचायची गरज नाही. टोमॅटो केचप, गोड दही, फळांच्या चवीचं योगर्ट, कॉर्नफ्लेक्स, टोस्ट आणि नानकटाई हे यादीत धरायचे राहून जातात. खोकल्याचं गोड औषधसुद्धा, रोजचं झालं तर.

दूध-बिस्किटाचा आणखी एक तोटा आहे आणि तो मला साखरेहून मोठा वाटतो. दुधात लोह नाही, बिस्किटात जवळजवळ नाही. दोन्हींनी पोट मात्र गच्च भरतं. देशभरात झालेल्या २०१६-१८च्या व्यापक पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांची ४१ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. 'जेवत नाही म्हणून दूध-बिस्कीट देतो' असं म्हणणाऱ्यांनी ते वाक्य एकदा उलटं म्हणून बघावं.

ताज्या फळांचा रस तरी?

फळ द्या. रस काढला की तंतू चोथ्यात जातात आणि चार संत्र्यांची साखर एका पेल्यात येते. चार संत्री मूल कधी खाईल का? भारतीय बालरोग अकादमीच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखाली रस नको, दोन ते पाच वर्षांत दिवसाला १२५ मिलीपर्यंत, आणि तोही शक्यतो टाळून फळच. डबाबंद आंब्याचं पेय हा रसही नव्हे. त्यातलं आंब्याचं प्रमाण डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, वाचा.

मेमधला घरचा आमरस, साखर न घालता? तो चमच्यानं, पोळीशी, जेवताना. त्याला कोण नाही म्हणणार!

दुधाचे दात पडणारच आहेत. किडले तर काय बिघडलं?

मागची दुधाची दाढ पडते दहाव्या ते बाराव्या वर्षी. तीन वर्षांचं मूल किडलेल्या दाढेनं सात-आठ वर्षं चावणार आहे. ठणका लागला की जेवण तुटतं, झोप तुटते, पू झाला तर खालच्या पक्क्या दाताला धक्का पोचू शकतो. आणि एवढ्याशा मुलाची रूट कॅनाल म्हणजे त्याच्यासकट सगळ्या घराची परीक्षा.

दात किडण्यात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि कशी खाल्ली याला जास्त वजन आहे. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि दाताभोवतीची आम्लता ठरावीक पातळीपलीकडे गेली की दाताचं कवच विरघळू लागतं. लाळ ते पूर्ववत करायला अर्धा तास, कधी जास्त घेते. तासातासानं एक गोळी चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला सवडच मिळत नाही.

हे जगाला ज्या प्रयोगातून पक्कं कळलं त्याची कहाणी लाजिरवाणी आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म इस्पितळात १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मतिमंद रुग्णांना मुद्दाम दाताला चिकटून राहतील अशा टॉफ्या खाऊ घालण्यात आल्या. कोणाची संमती घेतली नव्हती. कित्येकांचे दात कायमचे गेले. निष्कर्ष असा निघाला की जेवणासोबत घेतलेल्या साखरेनं दात फारसे किडत नाहीत, मधल्या वेळी चघळलेल्या चिकट गोडानं झपाट्यानं किडतात. पुढे स्वीडनमध्ये मुलांना आठवडाभराचं गोड एकदाच, शनिवारी द्यायची प्रथा रुजली, ती आजही आहे. तिथली मुलं शनिवारी पिशवी भरून गोळ्या खातात आणि बाकीचे दिवस मागत नाहीत. पिशवीभर मला जास्त वाटतात, पण कल्पना चांगली आहे.

आपल्या घरासाठी याचा अर्थ एवढाच: गोड जेवणासोबत, लगेच चूळ, आणि चिक्की, टॉफी, लॉलीपॉप या वेळ काढणाऱ्या गोष्टी सगळ्यात शेवटी. पहिला दात दिसल्यापासून दोन वेळा ब्रश, रात्रीचा चुकवायचा नाही. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथल्यांनी पेस्ट आधी दंतवैद्याला विचारून घ्यावी. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं मात्र आजच बंद करा. वरचे पुढचे चार दात काळे पडलेलं मूल दिसलं की बहुतेकदा कारण तेच असतं.

गोडानं जंत होतात का?

नाही. जंत होतात मातीतून, न धुतलेल्या हातांतून, उघड्यावरच्या शौचातून. अंगणवाडीत दर वर्षी १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका.

वाढदिवसाला केक खाऊन मुलं सैराट होतात. साखर डोक्यात जाते ना?

वाढदिवसाला वीस मुलं, फुगे, गाणी आणि झोपेची वेळ टळलेली असते. साखर न खाता मी त्या खोलीत असते तरी सैराट झाले असते.

हे तपासून बघितलेलं आहे. साखर आणि बिनसाखरेची गोडी कोणाला काय दिली हे कोणालाही न सांगता केलेल्या प्रयोगांचा एकत्र आढावा १९९५ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. मुलांच्या वागण्यावर साखरेचा परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर गमतीशीर आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साखर अजिबात दिली नव्हती, पण निम्म्या आयांना 'तुमच्या मुलाला साखर दिली आहे' असं सांगितलं. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली, आणि त्या मुलांना जास्त टोकतही होत्या. साखरेविरुद्ध बोलायला दातांचं आणि पोषणाचं कारण भक्कम आहे, हे खोटं कारण जोडायची गरज नाही.

गोड खाल्ल्यानं मधुमेह होतो?

लहान मुलांना प्रामुख्यानं होतो तो टाइप-१ मधुमेह. त्यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्याचा लाडूशी संबंध नाही. कृपया अशा मुलाच्या आईला 'फार गोड दिलंत का हो?' असं विचारू नका. टाइप-२चा संबंध वाढत्या वजनाशी आणि घराण्याशी आहे, आणि तिथे लहानपणच्या गोड पेयांच्या सवयीचा हात असतो.

'भाजी संपव, मग चॉकलेट देते' हे चालेल का?

चालतं, आठवडाभर. पुढे महाग पडतं.

या वाक्यातून मुलाला दोन गोष्टी कळतात. भाजी ही सोसायची वस्तू आहे, आणि चॉकलेट ही कमवायची. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीन बर्च यांनी १९८०च्या दशकात हे मुलांवर तपासलं. एक अनोळखी पेय प्यायल्याबद्दल ज्यांना बक्षीस किंवा नुसती शाबासकी मिळाली, त्या मुलांची त्याच पेयाची आवड नंतर घटली. ज्यांना काहीच न बोलता ते समोर ठेवलं, त्यांची घटली नाही.

इथे आपल्या ताटाकडे बघावंसं वाटतं. सणाच्या पंगतीत मीठ, लिंबू, कोशिंबीर, भाज्या, वरणभात आणि गोड एकाच पानात वाढलं जातं. कोणी गोडापासून सुरुवात करतो, कोणी जिलबी मठ्ठ्यासाठी राखून ठेवतो. 'आधी फरसबी संपव' अशी अट यजमान घालत नाही. जेवणानंतर वेगळ्या वाटीत, शहाण्यासारखं वागल्याचं फळ म्हणून गोड देणं ही मागाहून आलेली रीत आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत जुनी रीत जास्त शहाणपणाची ठरते. शिऱ्याची एक छोटी मूद पानातच वाढा. आधी खाल्ली तरी खाऊ दे. संपली की संपली, दुसरी नाही, त्यावर भाषणही नाही. पहिल्या दोन-चार वेळा तो फक्त शिरा खाऊन उठेल. मग भूक लागेल आणि भातही जाईल. काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, वाढलेल्यातलं किती खायचं हे मुलानं.

रडणं थांबवायला, इंजेक्शननंतर, पाहुण्यांसमोर गप्प बसावं म्हणून गोळी देणंही याच माळेतलं. गुडघा फुटल्यावर मुलाला कडेवर घ्या, फुंकर घाला. गोळीनं दुखणं थांबतं असं त्याला एकदा कळलं की पुढे प्रत्येक दुखण्यावर तो गोळी शोधेल.

मग घरात गोड आणूच नये का?

साठा नको, बंदीही नको. बर्च यांच्याच १९९९ च्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एक बिस्कीट ठेवून त्यावर बंधन घातलं, तर मुलांचं सगळं बोलणं-लक्ष त्या बिस्किटाभोवती फिरू लागलं. फ्रिजवरच्या डब्यात 'मोठ्यांचं' म्हणून ठेवलेलं चॉकलेट हा तोच प्रयोग आहे. आणायचं तेव्हा थोडं आणा, सगळ्यांनी मिळून खा, संपवा.

आणि बाबा रात्री अकराला फ्रिज उघडून आइस्क्रीम खात असतील, तर मुलाला ते ठाऊक असतं.

सणांचं काय?

साजरे करा. पाडव्याची साखरगाठी, चतुर्थीचे मोदक, गोव्याकडच्या नेवऱ्या, दिवाळीच्या करंज्या या गोष्टी मुलाला साखर म्हणून आठवत नाहीत, घर म्हणून आठवतात. त्यांच्यावर गदा आणून वाचणारी साखर वर्षाच्या हिशेबात फुटकळ आहे. शंकरपाळे कातायला आणि सारण भरायला मुलांना बरोबर घ्या. दिवाळीत मुख्य अडचण असते ती येणाऱ्या प्रत्येक घरातल्या मिठाईच्या पेटीची. ती वाटून टाका, कामाला येणाऱ्या मावशींनाही साखर सोसतेच असं नाही हे लक्षात ठेवून.

बोरन्हाण करायचं आहे. त्यात काय जपायचं?

इथे साखरेपेक्षा घशाची काळजी जास्त करा. डोक्यावरून ओततात त्या बोरं, शेंगदाणे, हरभरे, रेवड्या, बत्तासे, गोळ्या यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू वर्ष-दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेत बरोब्बर बसेल अशा आकाराची असते. भोवती वेचायला जमलेली मुलं धावत-हसत तोंडात टाकत असतात. हसताना, पळताना खाणं म्हणजे ठसक्याला आमंत्रण.

मुलाच्या अंगावर चुरमुरे, लाह्या, फुलांच्या पाकळ्या, मऊ तिळाची वडी ओता. बोरं आणि शेंगा मोठ्या मुलांच्या हातात वेगळ्या द्या. हलव्याचे दागिने फोटो झाले की उतरवा, कारण मूल ते ओढून चोखतंच आणि दाण्याबरोबर दोराही तोंडात जातो. अख्खे दाणे, कडक गोळ्या, जेली कप हे चार-पाच वर्षांपर्यंत नकोतच. काही अडकलं आणि मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर घशात आंधळेपणानं बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हातावर पालथं, डोकं खाली करून, मोठं असेल तर पुढे वाकवून, पाठीवर खांद्यांच्या मधोमध तळहातानं पाच ठोके द्या आणि कोणालातरी तत्काळ १०८ ला फोन करायला सांगा.

आजी-आजोबा ऐकत नाहीत. मी नाही म्हटलं की पदराआडून देतात.

आजीला रागावून उपयोग नाही. तिच्याकडे देण्यासारखं जे आहे ते ती देते. तिला दुसरं काही देण्याची संधी द्या: 'आई, आठवड्यातून दोन दिवस गोड तुमच्या हातचं, बाहेरचं नाही. कधी आणि काय ते तुम्हीच ठरवा.' रोजचं गुपचूप चॉकलेट जाऊन बुधवारचा रव्याचा लाडू आला तर सौदा फायद्याचा आहे. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या. सुनेच्या तोंडून जे 'आजकालचं फॅड' असतं, तेच डॉक्टरांच्या तोंडून सल्ला होतं.

आजोबांसाठी एकच विनंती. शाळेतून आणताना रोज दुकानापाशी थांबण्याऐवजी कधी पेरू, कधी भाजलेलं कणीस. त्याला तुमच्याबरोबर थांबायचं असतं.

शुगर-फ्री गोळ्या आणि पेयं द्यावीत का?

नको. कॅलरी कमी झाली तरी जिभेला अतिगोडाची सवय तशीच राहते.

जत्रेतले म्हातारीचे केस, रंगीत गोळा?

गुलाबी रंगाची शंका घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये तमिळनाडूनं म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, कारण तपासणीत रोडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानं रंगीत प्रकारांवर बंदी आणली. पांढरे मिळाले तर जत्रेपुरते घ्या. गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हा प्रश्न सरबताच्या साखरेआधी विचारायचा.

मूल किडकिडीत आहे. वजनासाठी तरी गोड देऊ का?

वजन वाढवायचं तर तूप, शेंगदाण्याचं कूट, तीळ, अंडं, डाळ, दही, केळं. वरणभातावर एक चमचा तूप घातलं की चमच्याला चाळीसच्या आसपास कॅलरी वाढतात आणि भूक मरत नाही. साखरेनं भूक मरते. मूल नुसतं बारीक आहे की वाढच खुंटली आहे, हे अंगणवाडीतल्या किंवा डॉक्टरांकडच्या वाढीच्या तक्त्यावर बघा, शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे बघून नव्हे.

शाळेत प्रत्येक वाढदिवसाला चॉकलेट वाटतात. आम्ही एकटे काय करणार?

तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला पेन्सिल, बियांची पुडी, राजगिऱ्याची छोटी वडी असं काही वाटा. आलेलं चॉकलेट मुलाकडून हिसकावू नका. मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं आहे, कुठल्या खाण्यात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. पालकसभेत विषय काढायला एवढा आधार पुरेसा आहे.

जुलाब झाल्यावर साखरपाणी द्यायचं, मग तेव्हा साखर कशी चालते?

कारण तेव्हा साखर हे औषध असतं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि पाण्याला बरोबर ओढून नेतात. पण मोजमाप काटेकोर हवं: ओआरएसची पुडी सांगितल्याएवढ्या पाण्यात, किंवा पुडी मिळेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चवीसाठी साखर वाढवली तर जुलाब वाढतात. कोला, डबाबंद रस, ग्लुकोजची पावडर ही याची जागा घेत नाहीत. दुकानांत 'ओआरएस' नाव लावून विकली जाणारी गोड पेयं बरीच होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली, तरी जुना माल कुठेतरी असू शकतो, म्हणून पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी पाणी पाजत बसू नका, दवाखाना गाठा.